वेबमिन सर्व्हरवर कसं टाकायचं आणि नको झालं की मुळासकट कसं काढायचं

व्हीपीएस म्हणजे भाड्याचा सर्व्हर घेतलाय, एसएसएचने (दुरून सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये जायची सोय) आत शिरलात, समोर नुसता कर्सर लुकलुकतोय आणि साधा एक युजर बनवायचा तरी कमांड शोधत बसावं लागतंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायची सॉफ्टवेअर बरीच आहेत, पण मी इथे वेबमिन घेतोय कारण ते फुकट आहे, जुनं आहे, आणि मी स्वतः ते इतक्या वेळा टाकलंय आणि काढलंय की कुठे पाय घसरतो ते तोंडपाठ झालंय. टाकायचं कसं हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने मिळतील, काढायचं कसं हे कुणी सांगत नाही, म्हणून तो भाग जरा सविस्तर लिहिलाय.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड मी बोलतो तशाच देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच त्या इंग्रजीत आणि छोट्या लिपीत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजीच. हातानं टाइप केल्या की लक्षात राहतात, कॉपी पेस्टने नाही राहत, त्यामुळे त्यात काही बिघडत नाही.

आधी हे आहे काय ते समजून घ्या

वेबमिन १९९७ मध्ये जेमी कॅमेरॉन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने पर्लमध्ये लिहिलं, आणि अजूनही त्याच्या नवीन आवृत्त्या येतात. त्याला अपाचे किंवा एनजिनएक्स लागत नाही, स्वतःचाच एक छोटा वेब सर्व्हर सोबत घेऊन येतं, त्याचं नाव मिनीसर्व्ह, आणि तो पोर्ट १०००० वर कान देऊन बसलेला असतो. म्हणजे तुमची वेबसाइट बंद पडली तरी वेबमिन चालू राहू शकतं, आणि ते फार सोयीचं असतं कारण वेबसाइट बंद पडते तेव्हाच तर त्याची गरज लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. वेबमिन स्वतःचा वेगळा डेटाबेस ठेवून त्यातून सर्व्हर चालवत नाही. तुम्ही क्लिक करून युजर बनवला की ते सरळ सिस्टिमच्या युजर फाइलमध्ये नोंद करतं, अपाचेची सेटिंग बदलली की अपाचेची खरी कॉन्फिग फाइल बदलतं. थोडक्यात हा दुभाषा आहे, तुम्ही माउसने बोलता आणि तो फाइलला कळेल अशा भाषेत लिहितो. यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचा सगळा लेख या दोन गोष्टींवरच आहे. एक, हा दुभाषा रूटच्या, म्हणजे सर्व्हरवर काहीही करू शकणाऱ्या युजरच्या, अधिकाराने चालतो, त्यामुळे जो त्याच्या खोलीत शिरला तो घरमालक झाला. दोन, दुभाष्याला घरी पाठवलं तरी त्याने लिहिलेले कागद तसेच राहतात, युजर राहतात, फायरवॉलचे नियम राहतात. फक्त जी कामं तो स्वतः रोज उठून करत होता ती बंद पडतात, आणि तिथेच माझी एकदा चांगली जिरली होती, ते पुढे सांगतो.

तुम्हाला वेबमिनच हवंय का

नुसतं मेमरी किती खाल्ली, कुठली सर्व्हिस पडली, लॉग काय म्हणतोय एवढंच बघायचं असेल तर कॉकपिट बघा. रेड हॅटच्या लोकांनी सुरू केलेला प्रकल्प आहे, उबंटू आणि डेबियनच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोठारात, आहे, त्यामुळे एपीटी इन्स्टॉल कॉकपिट म्हटलं की झालं, पोर्ट ९०९० वर उघडतं, आणि तुम्ही पान उघडाल तेव्हाच जागं होतं, एरवी झोपलेलं असतं. पण त्यात डीएनएस, मेल, मायएसक्यूएल वगैरेसाठी वेबमिनसारखी तयार पानं नाहीत.

दुसऱ्या टोकाला सीपॅनेल. लोकांच्या साइट होस्ट करून पैसे कमवायचे असतील तर ठीक, पण नवशिक्यांनी एक लक्षात ठेवा, सीपॅनेलला अनइन्स्टॉल नावाचा प्रकारच नाही, काढायचं तर सर्व्हर फॉरमॅट करून नवीन ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. लग्न करण्यापूर्वी घटस्फोटाची सोय आहे का बघा असं कुणी म्हणत नाही, पण सर्व्हरवर काहीही टाकताना मी हे बघतोच.

वेबमिन या दोघांच्या मध्ये बसतं. चला तर.

टाकण्याआधीची दहा मिनिटं

कंपनीच्या डॅशबोर्डवर जाऊन सर्व्हरचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे तशी अख्खी प्रत, घ्या. नवा कोरा सर्व्हर असेल तर सोडून द्या, पण त्यावर काही चालू असेल तर हे टाळू नका. मग (सुडो म्हणजे पुढची कमांड रूटच्या अधिकाराने चालव)

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी अपग्रेड

आणि कर्नल बदलला असेल तर रीबूट. टाइमझोन एशिया/कोलकाता करून घ्या, टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता (यातले ए आणि के मात्र कॅपिटल), नाहीतर रात्री दोनला काय झालं ते शोधताना लॉगमध्ये साडेआठ लिहिलेलं दिसतं आणि डोक्याला ताप होतो. घड्याळ मिनिटा-सेकंदाला बरोबर चालतंय ना तेही बघा, कारण पुढे मोबाईलवरचा सहा आकडी कोड वापरायचाय, तो घड्याळावर चालतो.

अजून एक. एक साधी टेक्स्ट फाइल बनवा, नाव काहीही द्या, आणि त्यात आजची तारीख टाकून लिहायला सुरुवात करा की काय टाकलं, कुठलं पोर्ट उघडलं, कुठली फाइल हाताने बदलली. मला माहितेय की हे कुणी करत नाही. मीही करत नव्हतो.

प्रत्यक्ष टाकणं

नवखे लोक पहिला प्रयत्न करतात तो सुडो एपीटी इन्स्टॉल वेबमिन, आणि उत्तर येतं की असं पॅकेज सापडलं नाही. बरोबरच आहे, वेबमिन उबंटू-डेबियनच्या अधिकृत रिपॉझिटरीत नाहीच, त्यांची स्वतःची रिपॉझिटरी आधी जोडावी लागते. त्यासाठी त्यांनी एक स्क्रिप्ट दिलीय, वेबमिन-सेटअप-रेपो, ती वेबमिन डॉट कॉमच्या डाउनलोड पानावर सांगितलेल्या कर्लच्या ओळीने उतरवून घ्या. ओळ त्यांच्याच पानावरून घ्या, दुसऱ्या कुणाच्या लेखावरून नको, माझ्याही नको.

हे का म्हणतोय, तर नेटवर या विषयाचे जुने लेख खच्चून भरलेत. एखाद्या लेखात रिपॉझिटरीच्या ओळीत सार्ज हा शब्द दिसला तर तो लेख बंद करा. सार्ज हे डेबियनच्या २००५ सालच्या आवृत्तीचं नाव, वेबमिनची जुनी ओळ वर्षानुवर्षं तेच नाव घेऊन फिरत होती. तसंच एपीटी-की वापरा असं लिहिलेलं दिसलं तरी समजा की माल शिळा आहे.

स्क्रिप्ट उतरली की लगेच चालवू नका, आधी लेस कमांडने उघडून वर-खाली नजर टाका. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही, पण सुडोने जे चालवतोय ते एकदा बघायची सवय लागते. मग

सुडो एसएच वेबमिन-सेटअप-रेपो.एसएच

ती विचारेल की रिपॉझिटरी जोडू का, वाय दाबा. झालं की

सुडो एपीटी-गेट इन्स्टॉल वेबमिन --इन्स्टॉल-रेकमेंड्स

पर्लच्या बऱ्याच लायब्ररी सोबत येतात, घाबरू नका. रॉकी किंवा अल्मा लिनक्स असेल तर स्क्रिप्ट तीच, फक्त शेवटची ओळ नुसती सुडो डीएनएफ इन्स्टॉल वेबमिन. संपलं की शेवटी एक ओळ येते की आता या या पत्त्यावर लॉगिन करा. त्या ओळीवर उड्या मारू नका, अजून दार लावायचंय. आधी चालू आहे का ते बघून घ्या, सिस्टिमसीटीएल स्टेटस वेबमिन, हिरव्या अक्षरात अॅक्टिव्ह दिसलं की क्यू दाबून बाहेर.

दार कुणासाठी उघडायचं

इथे बहुतेक व्हिडिओवाले सरळ सांगतात की यूएफडब्ल्यूमध्ये, म्हणजे उबंटूच्या फायरवॉलमध्ये, १०००० उघडा आणि मजा करा. म्हणजे जगातल्या कुणालाही तुमच्या सर्व्हरच्या रूटचं लॉगिन पान उघडून द्यायचं. करू नका.

२०१९ सालचं एक प्रकरण सांगतो म्हणजे पटेल. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कळलं की वेबमिनच्या १.८९० या आवृत्तीत चोरदरवाजा आहे, पासवर्ड बदलायच्या पानातून कुणीही लॉगिन न करता रूट म्हणून कमांड चालवू शकत होता. प्रोग्रॅमरची चूक नव्हती ती, २०१८ च्या एप्रिलमध्ये कुणीतरी त्यांच्या बिल्ड करायच्या मशीनमध्ये शिरून फाइल बदलली होती. गिटहबवरचा कोड स्वच्छ, पण सोर्सफोर्जवरून लोक जे तयार पॅकेज उतरवत होते त्यात ही घाण. १.९०० ते १.९२० मध्येही होती, फक्त तिथे पासवर्ड एक्स्पायरीचं सेटिंग चालू असेल तरच धोका. १.९३० मध्ये साफ केलं. म्हणजे बघा, ज्याने अधिकृत जागेवरून उतरवलं, पासवर्ड तगडा ठेवला, सगळं शहाण्यासारखं केलं, तोही वर्षभर उघडा होता. वाचले ते कोण, ज्यांचं १०००० बाहेरच्या जगाला दिसतच नव्हतं.

म्हणून माझी पद्धत, पोर्ट उघडायचंच नाही, एसएसएचच्या टनेलमधून जायचं. तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, सर्व्हरवर नाही, लॅपटॉपवर टर्मिनल उघडा आणि

एसएसएच -एल १००००:लोकलहोस्ट:१०००० युजर@सर्व्हरचा-आयपी

यातला एल मात्र कॅपिटल. विंडोजच्या पॉवरशेलमध्येही ही ओळ चालते, पुटी असेल तर त्यात टनेल्स नावाच्या पानावर हेच भरायचं. लॉगिन झालं की ती खिडकी तशीच राहू द्या आणि ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लोकलहोस्ट १०००० उघडा. पान तुमच्या लॅपटॉपवरचं वाटतं पण बोलतंय सर्व्हरशी. खिडकी बंद केली की रस्ता बंद.

हे जमलं की वेबमिनला सांगून टाका की तू बाहेर बघूच नकोस. वेबमिन कॉन्फिगरेशनमध्ये पोर्ट्स अँड अॅड्रेसेस नावाचं पान आहे, तिथे सगळ्या अॅड्रेसऐवजी फक्त १२७.०.०.१ करायचं. टर्मिनलमधून करायचं तर ईटीसी खालच्या वेबमिन फोल्डरमधल्या मिनीसर्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये बाइंड=१२७.०.०.१ ही ओळ, आणि मग वेबमिन रीस्टार्ट.

काही जण म्हणतील की आम्ही फक्त आमच्या आयपीला परवानगी देऊ. ऑफिसला पक्का आयपी असेल तर चालेल, यूएफडब्ल्यूमध्ये तेवढ्या आयपीपुरतं उघडा. पण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी राउटर बंद-चालू केला की बदलू शकतो, मोबाईलच्या नेटवर तर विचारूच नका, आणि मग तुम्हीच बाहेर उभे.

फायरवॉलला हात लावताना एक धोक्याची पाटी. यूएफडब्ल्यू अजून बंद असेल आणि चालू करणार असाल तर आधी

सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच

आणि मगच एनेबल. उलटं केलं तर पुढच्या वेळी आत जायला कंपनीचा वेब कन्सोल शोधत बसाल. आणि अॅमेझॉनसारख्या क्लाउडवर असाल तर सर्व्हरच्या आतल्या फायरवॉलशिवाय बाहेर अजून एक सिक्युरिटी ग्रुप असतो, दोन्हीकडे बघावं लागतं, एकीकडे उघडून दुसरीकडे बंद असलं की माणूस तासभर केस उपटतो.

पहिलं लॉगिन

पान उघडलं की ब्राउझर लाल होऊन सांगतो की हे सुरक्षित नाही. वेबमिनने स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट दिलेलं असतं म्हणून, टनेलमधून आलाय तर पुढे जायला हरकत नाही. पत्त्याची सुरुवात मात्र एस असलेल्या एचटीटीपीएसने करा, एस विसरलात तर नीट पान येईलच असं नाही, आणि बिघाड झालाय असं वाटून लोक सगळं पुन्हा टाकत बसतात.

आता युजरनेम काय. उबंटूवर रूटला पासवर्ड नसतो, त्यामुळे सुडो वापरायचा अधिकार असलेला तुमचा नेहमीचा युजर आणि त्याचाच पासवर्ड चालतो. घोळ होतो तो क्लाउडवर. तिथे उबंटू नावाचा युजर फक्त चावीने म्हणजे की फाइलने आत येतो, त्याला पासवर्डच दिलेला नसतो, मग वेबमिनमध्ये काय टाइप करणार. लोक रिकामा ठेवून बघतात, की फाइलचं नाव टाकून बघतात, एकाने तर मला विचारलं होतं की पेम फाइलमधला सगळा मजकूर पेस्ट करायचा का. नाही हो. सोपा उपाय म्हणजे सुडो पासडब्ल्यूडी उबंटू म्हणून त्याला पासवर्ड द्या. किंवा वेबमिनपुरताच वेगळा पासवर्ड हवा असेल तर

सुडो /यूएसआर/शेअर/वेबमिन/चेंजपास.पीएल /ईटीसी/वेबमिन रूट नवापासवर्ड

मग लॉगिनला युजरनेम रूट. ही कमांड लिहून ठेवा, पासवर्ड विसरलात तरी हीच कामाला येते. रॉकी-अल्मावर यूएसआर खालचा फोल्डर वेगळा, शेअरच्या जागी लिबएक्झेक. आणि ती टाइप केल्यावर पासवर्ड शेलच्या हिस्टरीत उघडा पडतो हेही ध्यानात असू द्या.

चारपाच वेळा चुकीचा पासवर्ड मारलात तर वेबमिन तुम्हाला थोडा वेळ बाहेर ठेवतं. चहा घेऊन या.

आत गेल्यावर

आधी वेबमिन कॉन्फिगरेशनमध्ये टू-फॅक्टर चालू करा, मग वेबमिन युजर्समध्ये जाऊन स्वतःची नोंदणी, मोबाईलवरच्या ऑथेंटिकेटर अॅपमध्ये क्यूआर स्कॅन, झालं. टनेल आहे मग हे कशाला असं वाटेल, पण उद्या घाईत कुणीतरी पोर्ट उघडतंच, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा आपणच असतो.

डाव्या बाजूच्या मेन्यूत शंभर गोष्टी दिसतील. पहिल्या आठवड्यात फक्त बघा. युजर्स अँड ग्रुप्स, शेड्यूल्ड क्रॉन जॉब्स, बूटअप अँड शटडाउन, सॉफ्टवेअर पॅकेज अपडेट्स, एवढी पानं ओळखीची झाली तरी पुष्कळ. अन-यूज्ड मॉड्यूल्सच्या खाली जे आहे ते तुमच्या सर्व्हरवर नसलेल्या सॉफ्टवेअरचं आहे, तिथे क्लिक करून इन्स्टॉल हे इन्स्टॉल ते असं करत सुटू नका. एकदा एकाने उत्सुकतेपोटी मेल सर्व्हर, डीएनएस सर्व्हर, एफटीपी सर्व्हर सगळं टाकलं होतं, एक जीबी मेमरीच्या मशीनवर, आणि मला विचारत होता की वेबमिनने सर्व्हर स्लो केला का. वेबमिन बिचारं कोपऱ्यात बसलं होतं.

शिकायची एक चांगली युक्ती सांगतो. वेबमिनमधून काहीतरी छोटं बदला, आणि मग टर्मिनलमध्ये जाऊन ती फाइल उघडून बघा की नेमकी कुठली ओळ बदलली. दोन महिने असं केलंत तर फाइली पाठ होतात आणि मग एक दिवस लक्षात येतं की पंधरा दिवसांत पॅनेल उघडलेलंच नाही. तेव्हा ते काढायची वेळ झाली असं समजा. वापरत नसलेलं आणि रूटने चालणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवर ठेवण्यात काही शहाणपण नाही.

काढणं

आता माझी गोष्ट. ओळखीच्या एका क्लासचा छोटा सर्व्हर मी बघायचो, विद्यार्थ्यांची हजेरी, फी, असलं सगळं मायएसक्यूएलमध्ये. रोज रात्री दोन वाजता डेटाबेसचा बॅकअप, तो मी वेबमिनच्या मायएसक्यूएल पानावरून लावला होता, वेळ निवडली, फोल्डर निवडलं, सेव्ह, दोन मिनिटांचं काम. पुढे वर्षभराने पॅनेल कुणी वापरत नाही म्हणून काढून टाकलं, एकच कमांड, साइट चालू आहे हे बघितलं आणि खूश. दोन महिन्यांनी तिथल्या सरांचा फोन, अहो परवाचा डेटा परत आणता येईल का, पोराने फीचं टेबल उडवलंय. म्हटलं काळजी करू नका सर, रोजचा बॅकअप आहे. फोल्डर उघडलं तर सगळ्यात नवी फाइल मी पॅनेल काढलं त्या पहाटेची. त्यानंतर एकही नाही. कारण तो बॅकअप वेबमिनच्याच स्क्रिप्टवर चालत होता, वेबमिन गेलं, स्क्रिप्ट गेली, आणि कुणी ओरडलंही नाही. मग काय, दोन रात्री क्लासच्या ऑफिसात बसून कार्बनच्या पावतीपुस्तकांवरून एकेक नोंद परत भरली. कार्बनवर सहा आणि आठ सारखेच दिसतात हे तेव्हा कळलं.

तर काढण्याची पहिली पायरी ही कमांड नाहीच, यादी आहे. वेबमिनमध्ये वेबमिन अॅक्शन्स लॉग नावाचं पान आहे, पॅनेलमधून कुणी कधी काय केलं ते तिथे दिसतं. तारीख अगदी मागे नेऊन सगळं शोधा आणि वाचून काढा, सुरुवातीला टेक्स्ट फाइल बनवायला सांगितली होती ती तुम्ही बनवली नसणार, तिची भरपाई इथून होते. मग टर्मिनलमध्ये सुडो क्रॉनटॅब -एल करून बघा, ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी येते, ज्या ओळीत ईटीसी वेबमिन असा रस्ता दिसेल ते काम पॅनेलसोबत मरणार. पण फक्त क्रॉनटॅबवर भरवसा नको, वेबमिनची काही वेळापत्रकं त्याच्या स्वतःच्या पोटात असतात, म्हणून पॅनेलमध्ये बॅकअप कॉन्फिगरेशन फाइल्स, सिस्टिम अँड सर्व्हर स्टेटस, डेटाबेसचं पान, अशा ठिकाणी जाऊन शेड्यूल चालू आहे का ते डोळ्यांनी बघा.

जे काम हवंय ते आधी पॅनेलशिवाय उभं करा. डेटाबेसचा बॅकअप असेल तर मायएसक्यूएलडंपची कमांड एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहा आणि क्रॉनमधून ती स्क्रिप्ट बोलवा. सरळ क्रॉनच्या ओळीत लिहायला जाल तर फाइलच्या नावात तारीख आणण्यासाठी टक्क्याचं चिन्ह लागतं, आणि क्रॉनमध्ये त्या चिन्हाचा अर्थ वेगळा होतो, आधी बॅकस्लॅश दिला नाही तर कमांड तिथेच तुटते. हाताने चालवली की चालते, क्रॉनमध्ये चालत नाही, या तक्रारीच्या मागे बऱ्याचदा हेच असतं. दोन रात्री दोन्ही बॅकअप शेजारी शेजारी चालू द्या, दोन्ही फाइली आल्या की मग पुढे.

सेटिंग्जची एक प्रत काढून ठेवा, टार सीझेडएफ करून ईटीसी वेबमिन आणि व्हार वेबमिन ही दोन फोल्डर बांधून घरी न्या. व्हार वेबमिनमध्ये लॉग असतात, ते उद्या लागू शकतात. आणि वर्षभर चाललेल्या सर्व्हरचा स्नॅपशॉट आता पुन्हा घ्या, टाकताना घेतलेला केव्हाच जुना झाला.

आता कमांड.

सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप वेबमिन

थांबवून एक दिवस तसंच राहू द्या, हा माझा आग्रह आहे. काही तुटायचं असेल तर आज तुटेल आणि स्टार्ट म्हटलं की परत येईल. काही तुटलं नाही तर

सुडो एपीटी पर्ज वेबमिन

रिमूव्ह नाही, पर्ज. रिमूव्हने प्रोग्रॅम जातो पण सेटिंगच्या फाइली मागे राहू शकतात. खात्री करायची तर डीपीकेजी -एल ची यादी ग्रेप करून वेबमिन शोधा. ओळीच्या सुरुवातीला आय आय दिसलं तर ते अजून बसलंय, आर सी दिसलं तर प्रोग्रॅम गेलाय पण सेटिंग्ज राहिल्यात, आणि काहीच दिसलं नाही तर छान. यूझरमिन, म्हणजे वेबमिनचं साध्या युजरांसाठीचं भावंड, टाकलं असेल तर ते वेगळं पॅकेज आहे, पोर्ट २०००० वर बसतं, त्याचं वेगळं पर्ज.

मग सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह. इथे वाय दाबण्याआधी यादी वाचा, हात शिवशिवतात माहितेय, पण वाचा. पर्लच्या लायब्ररी असतील तर जाऊ द्या, तुमच्या कामाचं एखादं पॅकेज त्यात दिसलं तर एन.

कुणी टार फाइल उतरवून हाताने टाकलं असेल तर एपीटीला त्याचा पत्ताच नसतो, पर्ज म्हणेल असं काही नाहीच. तेव्हा ईटीसी वेबमिनच्या फोल्डरमध्ये अनइन्स्टॉल.एसएच नावाची स्क्रिप्ट असते, ती सुडोने चालवायची. नुसतं फोल्डर डिलीट करणारे महाभाग मी बघितलेत, आधी ईटीसीचं फोल्डर उडवतात आणि मग अनइन्स्टॉल स्क्रिप्ट शोधतात, जी त्यातच होती.

आणि व्हर्चुअलमिन, म्हणजे बऱ्याच साइट होस्ट करायचं पॅनेल, असेल तर यातलं काहीही करू नका. ते वेबमिनच्या डोक्यावर उभं असतं, लोकांच्या साइट, मेल, डोमेन त्यात गुंतलेले असतात, तिथे आधी सगळं दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं आणि मग जुना सर्व्हरच सोडायचा, हाच धोपटमार्ग.

केर काढणं

पॅकेज गेलं तरी रिपॉझिटरी राहते. ईटीसी, एपीटी, सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरमध्ये नावात वेबमिन असलेली फाइल असेल ती काढा, आणि यूएसआर शेअर कीरिंग्जमध्ये त्यांची चावी असते तीही. काढायच्या आधी एलएस करून नाव नीट बघा, तिथे उबंटूच्या स्वतःच्या चाव्याही असतात. मग एपीटी अपडेट करून बघा, वेबमिनची ओळ फिरताना दिसली नाही पाहिजे.

फायरवॉल. सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड केलं की नियम नंबरसकट दिसतात. १०००० चा नियम असेल तर यूएफडब्ल्यू डिलीट आणि तो नंबर. बऱ्याचदा दोन असतात, एक साधा आणि एक आयपीव्ही६ चा, आणि पहिला काढला की खालचे नंबर एकाने वर सरकतात, त्यामुळे खालून वर काढत या, नाहीतर भलताच नियम उडतो, आणि तो एसएसएचचा निघाला तर झालंच. क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये उघडलं असेल तर तिथूनही.

वेबमिनसाठी म्हणून कुणा युजरला पासवर्ड दिला होता का, आठवा. वर उबंटू युजरला दिला तसा. एसएसएच चावीनेच चालत असेल आणि सुडो पासवर्ड विचारत नसेल तर सुडो पासडब्ल्यूडी -एल उबंटू म्हणून तो पासवर्ड लॉक करून टाका. पॅनेलमधून पोरासोरांसाठी बनवलेले सिस्टिम युजरही अजून तिथेच आहेत हे विसरू नका, दुभाषा गेला तरी कागद राहतात म्हटलं होतं ना.

शेवटी

सुडो एसएस -टीएलएनपी

कोण कुठल्या पोर्टवर बसलंय त्याची यादी येते. त्यात १०००० दिसायला नको. मग एकदा रीबूट करा आणि परत तीच कमांड, कारण रीबूटनंतर उठून बसणारी भुतं असतात. साइट उघडते का, मेल जातो का बघा आणि झोपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एकदा लॉगिन करून बॅकअपचं फोल्डर उघडा. सगळ्यात नवी फाइल आजच्या तारखेची आहे आणि तिची साइज शून्य नाही एवढं दिसलं की स्नॅपशॉट डिलीट करून टाका, त्याचं भाडं उगाच चालू असतं.